एकशे सोळावी चिठ्ठी

बाई : वाचा ना, मास्तर. एवढी एकच ओळ.

मास्तर : लिहिलीस तू, वाच तू. माझी बोटं मक्याच्या पिठात बुडालीत. हा शेवटचा पक्षी अर्धा सोललाय, वाळला तर कातडं चिरेल.

बाई : हात झटका आणि वाचा.

मास्तर : अगं, एक्केचाळीस दिवस झाले या डोंगरात. उद्या सकाळी गाड्या सुटणार. आज माझी परीक्षा घ्यायचं कुठून सुचलं? तुला पक्षी सोलायला मी शिकवलं. पहिल्या चिमणीचं कातडं असं फाडलं होतंस, जीव असता तर तिनं उठून मुस्काटात दिली असती.

बाई : मास्तर.

मास्तर : बरं बाई, बरं. या पक्षीसंग्रहाच्या मोहिमेची मुख्य तू, मी तुझा सोलणारा. दे इकडं. नंबर एकशे सोळा. ठिकाण, ओढ्याची घळ. तारीख आहे. पक्षी पाडणाऱ्या नेम्याचं नाव आहे. पुढं...

बाई : पुढं काय?

मास्तर : पुढं मादी.

बाई : वाचलंत की आठवलंत?

मास्तर : हा काय प्रश्न झाला?

बाई : चिठ्ठी हातभर लांब धरलीत. कालही बघितलं. सुईत दोरा ओवायला तीनदा चुकलात आणि शिव्या सुईला दिल्यात.

मास्तर : वय झालं की माणसाचा हात लांब होतो. देवानं केलेली सोय आहे. तुलाही मिळेल. सरळ बोल, काय झालंय? सकाळपासून तोंड शिवल्यासारखी फिरतेयस. ताप आहे का अजून?

बाई : ताप पहाटे उतरला. म्हणूनच सहाला घळीच्या तोंडाशी जाऊन बसले. म्हटलं, उद्या निघायचं, शेवटचं एकदा ऐकून यावं. आणि हाक आली.

मास्तर : डोंगर आहे. हाका येणारच.

बाई : कोणती हाक, ते विचारा तरी.

मास्तर : तू सांगणारच आहेस.

बाई : "मीऽऽच." एकदा नाही, सात-आठ वेळा. मध्ये थांबायची, वाट बघायची आणि पुन्हा "मीऽऽच."

मास्तर : भास असेल. तापानंतर कान वाजतात.

बाई : आपल्या स्वयंपाक्यानंच नाही का त्या पक्ष्याचं नाव 'कोण-मीच' ठेवलं? नर विचारतो, "कोण आहे? कोण आहे?" मादी म्हणते, "मीऽऽच." एक्केचाळीस दिवसांत नरानं कधी "मीच" म्हटलं नाही, मादीनं कधी "कोण" विचारलं नाही. दिसायला दोघं एका साच्यातली. ओळखायचं ते हाकेवरून, नाहीतर सुरी लावल्यावर पोटातून. हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखं आहे.

मास्तर : मग दाखवतेयस कशाला?

बाई : कारण आपला नर पंचाण्णव नंबरचा. हा बघा. आणि मादी एकशे सोळा नंबरची. तीही इथंच आहे, पायाला चिठ्ठी, पोटात कापूस. जोडी झाली म्हणून परवा तुम्ही-आम्ही पेट्या बांधायला घेतल्या. मग आज घळीतून "मीच" कोण म्हणालं?

मास्तर : दुसरी असेल.

बाई : "एका घळीत दुसरी जोडी नांदत नाही." वाक्य कोणाचं?

मास्तर : माझं. बोलून बसलो कधीतरी.

बाई : मग उरलं एकच. तुम्ही हिचं पोट उघडलंत, आत बघितलंत आणि तुम्हाला दिसलं नाही.

मास्तर : अगं...

बाई : मला बोलू द्या, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. आपली रीत काय? तुम्ही बघायचं, मी लिहायचं. तुम्ही "नर" म्हणालात, मी "नर" लिहिलं. तुम्ही "मादी" म्हणालात, मी "मादी" लिहिलं. एकशे एकवीस पक्षी. मी एकदाही वाकून बघितलं नाही. बघावंसंच वाटलं नाही. बाबांच्या मोहिमांपासून तुमचा शब्द म्हणजे शाई.

मास्तर : मग आजच कशाला पुसतेस?

बाई : एक दाणा किडका निघाला तर सबंध पोतं उपसावं लागतं, मास्तर. तुमचे डोळे गेले असतील तर कधी गेले? एकशे सोळाला? की साठाला? की पहिल्या दिवशीच? या सगळ्या चिठ्ठ्यांवर आता मला प्रश्नचिन्ह घालावं लागेल. आणि चिठ्ठीचा भरवसा गेला तर ट्रेमध्ये काय उरलं? तुम्हीच म्हणायचात, नुसती मेलेली पाखरं.

मास्तर : बाकीच्या एकशे वीस खऱ्या आहेत.

बाई : कशावरून?

मास्तर : मी सांगतो म्हणून.

बाई : एकशे सोळाही तुम्हीच सांगितली होतीत.

नेम्या : येऊ का आत? मला कोणी हाक मारली का?

मास्तर : नाही रे बाबा.

नेम्या : आं?

मास्तर : नाही म्हटलं!

नेम्या : मग बरं. बंदुकीनं एक कान खाल्ला, दुसरा त्याच्या दुखवट्यात बसलाय. बाई, तंबूचे दोर गुंडाळले, जाळी मोजली, बंदूक पुसली. एक विचारायचं होतं. वाळत घातलेला दोर आणायला घळीत गेलो होतो. कड्याच्या मातीत ते बीळ आहे ना, तिथं एक बसलाय.

बाई : कोण?

नेम्या : तोच तो आपला, कोण-मीच. आरामात बसलाय. जोडी तर झालीय आपली, पण एखादा जास्तीचा हवा असेल तर आत्ता आणतो. तासभर उजेड आहे. पाच मिनिटांचं काम.

बाई : नंतर सांगते.

नेम्या : उजेड 'नंतर'साठी थांबत नाही, बाई.

बाई : अर्धा तास द्या. तोवर पेट्यांना पट्ट्या मारा.

नेम्या : पट्ट्या तर पट्ट्या. मास्तर, तुमची सुई पडली खाली. पायात घुसेल.

बाई : गेला. उचला ती सुई.

मास्तर : दिसत नाहीये.

बाई : बघा.

मास्तर : सुई दिसत नाही, हे खरं आहे. दोरा ओवता येत नाही, हेही खरं. जवळचं धूसर झालंय, दोन वर्षं होत आली. म्हणून तर उघडल्यावर भिंग लावून बघतो. प्रत्येक पक्षी. तू लिहिण्यात असतेस, तुला दिसत नाही. डोळ्यांनी तुला फसवलेलं नाही, पोरी. जीभ फसवून गेली.

बाई : म्हणजे?

मास्तर : एकशे सोळा नर होता. मला दिसला. मी "मादी" म्हणालो.

बाई : मास्तर, डोळे गेले म्हणायची लाज वाटते म्हणून खोटारडं व्हायला निघालात?

मास्तर : निघालो नाही, परवाच पोचलो.

बाई : चाळीस वर्षांत तुम्ही चिठ्ठी खोटी केली नाहीत. एकदा बाबांनी दिवस चुकीचा सांगितला, तर दोन वेळ जेवला नव्हतात. आणि आता मी मानायचं की तुम्ही समजून-उमजून...

मास्तर : त्या पत्र्याच्या डब्यात हात घाल. डांबरगोळ्यांच्या मागं. औषधाची बाटली लागेल, बोटाएवढी.

बाई : ही?

मास्तर : भिंग घे आणि मोज.

बाई : दोन. दोन दाणे आहेत. पांढरे, चवळीएवढे.

मास्तर : विणीच्या दिवसांत नराचे वृषण एवढे फुगतात की आंधळ्याच्याही बोटाला लागावेत. मादी असती तर अंडाशयाचा, द्राक्षांसारखा बारका घोस दिसला असता. सोललेलं बाकी सगळं मी पुरतो, हे ठेवलं. बाटली फिरव, मागं चिकटवलंय.

बाई : "एकशे सोळा. नर." तुमचं अक्षर.

मास्तर : वाकडं आलंय, पण माझंच. खोटं बोलता आलं गं, खरं टाकून देता आलं नाही. तीन दिवस ती बाटली डब्यात आहे, आणि तेव्हापासून मी तो डबा उघडलेला नाही.

बाई : का केलंत हे?

मास्तर : बसतेस का? उभ्यानं सांगायची गोष्ट नाही.

बाई : अर्धा तास आहे, मास्तर.

मास्तर : मी कुंचले धुवायला ओढ्यावर जातो ना, त्या जागेसमोरच ते बीळ आहे. पंचाण्णव नंबर इथं आला त्या संध्याकाळी मी तिकडं गेलो, हाताचं रक्त धुवायला. तर ती बिळाच्या तोंडाशी बसून म्हणत होती, "मीच." विचारणारा माझ्या टेबलावर. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. प्रश्नच नाही आणि ही उत्तर देतेय.

बाई : पुढं?

मास्तर : पाचव्या दिवशी पलीकडच्या झाडीतून कोणीतरी विचारलं, "कोण आहे?" परका नर. कुठून आला देव जाणे. मी कुंचला हातात घेऊन पाण्यात उभा होतो, हसायला यायला लागलं. वेड्यासारखा हसलो. म्हटलं, चला, बाईला कोणी विचारणारं आलं. आणि परवा नेम्यानं तोच आणून टेबलावर ठेवला. कोमट होता अजून. उघडला. भिंग लावलं. मागून तू पेन उघडून विचारलंस, "बोला मास्तर." मी "नर" म्हणालो असतो तर काय केलं असतंस?

बाई : नेम्याला परत पाठवलं असतं.

मास्तर : किती वेळात?

बाई : त्याच पावली.

मास्तर : तेच मला ठाऊक होतं. तिला पिल्लं आहेत. किती, ते दिसत नाही, पण अर्ध्या तासात सात खेपा करते. दोघांचं काम एकटी ओढतेय.

बाई : मला सांगायचं होतंत, मास्तर. खोटं बोलण्यापेक्षा सांगायचं होतंत.

मास्तर : सांगितलं असतं तर सोडली असतीस? खरं सांग. चिठ्ठीवर लिहितेस तसं सांग.

बाई : नाही.

मास्तर : हं.

बाई : अकरा वर्षं मी या पक्ष्यामागं आहे. त्याची मादी कुठल्याही संग्रहात नाही, एकाही पेटीत नाही. हा वेगळा पक्षी आहे हे मी ओरडून सांगते, आणि मोठी माणसं म्हणतात, आधी जोडी दाखवा. बाबा म्हणत म्हणत गेले, जोडी आण. तिच्यासाठी जळवांना रक्त पाजलं, ताप अंगावर काढला. आणि तुम्ही एका शब्दात... मला खोटी जोडी घेऊन पाठवत होतात! उद्या कोणी चिरून तपासलं असतं तर माझं नाव मातीत गेलं असतं. याचा विचार केलात?

मास्तर : दोन रात्री केला. उत्तर सापडलं नाही. मला वाटलं होतं, गावी पोचलो की सांगेन. लांब गेल्यावर. मग तू काय हवं ते कर, पण बंदूक तिथवर पोचणार नाही.

बाई : आणि नसतं सांगता आलं तर?

मास्तर : तर बाटली होतीच. मी मेल्यावर डबा तुलाच मिळाला असता.

बाई : छान. वारसा म्हणून काय ठेवताय!

मास्तर : तुझी काकू गेली त्याला चार वर्षं झाली...

बाई : काकूंना यात आणू नका, मास्तर. मी आधीच दमलेय.

मास्तर : मी आणत नाही गं, तीच येते. मी म्हणायचो, "अगं, माझा तो..." की ती आतून म्हणायची, "खुंटीवर." मला हवा असायचा चष्मा, खुंटीवर असायची छत्री. जन्मात एकदा बरोबर उत्तर दिलं नाही. पण दिलं. आता "अगं, माझा तो..." म्हणतो आणि उगाच दाराकडं बघत उभा राहतो. जाऊ दे. तू काकूला आणू नको म्हणालीस, नाही आणत. तू मला एवढंच सांग, तू हाक कधी ऐकलीस?

बाई : सांगितलं ना. सकाळी सहाला.

मास्तर : आता वाजले किती?

बाई : पाच होत आले.

मास्तर : अकरा तास. "मीच" ऐकलं त्याच क्षणी तुला कळलं की मादी जिवंत आहे. नेम्या दिवसभर इथंच होता, बंदूक पुसत बसला होता. त्याला का नाही सांगितलंस?

बाई : ताप होता.

मास्तर : ताप पहाटे उतरला म्हणालीस. जिभेला राहिला होता का?

बाई : तुमची आधी खात्री करायची होती. चिठ्ठीची.

मास्तर : आधी पक्षी आणायचा, मग चिठ्ठीचं भांडण काढायचं. अकरा वर्षं थांबलेलं माणूस असंच करतं. आणि मघाशी तो दारात येऊन आयता विचारत होता, तेव्हा "नंतर" म्हणालीस. माझ्या हातून सुई पडली, पोरी. तुझ्या हातातलं पेनही पडलंय. तेही शोधायला हवं.

बाई : मी बसले होते तिथं. ती "मीच" म्हणायची आणि मग गप्प. त्या गप्पपणात मी... मला वाटलं, आपण विचारावं. तोंडानं आवाज काढता येतो मला, बाबांनी शिकवला होता. "कोण आहे?" एवढंच. ओठ गोल करून बसले होते आणि लक्षात आलं, आपण हाक दिली की ती बाहेर येईल, आणि पक्षी बाहेर काढायला हीच हाक आपण देत आलो. माझ्याच्यानं झालं नाही. फार दमलेय मी, मास्तर.

मास्तर : सगळेच दमलोय. बहिरा नेमबाज, अर्धा आंधळा सोलणारा आणि तापकरी मुख्य. काय मोहीम आहे!

बाई : एकशे सोळाची चिठ्ठी द्या इकडं.

मास्तर : फाडतेस?

बाई : फाडायची नाही, खोडायची नाही. तुम्हीच शिकवलंत. आधीच्या शब्दावर एक रेघ, शेजारी खरा शब्द, आणि चूक ज्याची सही त्याची. घ्या पेन. माझं सापडलं. इथं, माझ्या बोटाच्या टोकाशी.

मास्तर : इथं?

बाई : जरा वर. हां. रेघ मारा. आता लिहा.

मास्तर : न... र. झालं. कारण कुठं लिहू?

बाई : चिठ्ठीवर कारणाला जागा नसते.

मास्तर : बरं असतं ते. सही केली. बाकीच्या एकशे वीस?

बाई : तशाच राहतील. पण पुढच्या वेळेपासून पोट उघडल्यावर दोघांनी बघायचं. तुम्ही आधी, मग मी. राग आला तरी.

मास्तर : पुढची वेळ आहे म्हणायची.

बाई : चष्मा केलात तर.

नेम्या : अर्धा तास झाला. काय ठरलं? जातो का?

बाई : बंदूक पेटीत घाला.

नेम्या : आं?

बाई : बंदूक. पेटीत. घाला.

नेम्या : घालतो. पण मग डोळे का पुसताय दोघं? जोडी झाली ना आपली?

बाई : नाही झाली. दोन्ही नर निघाले.

नेम्या : म्हणजे बिळावर बसलीय ती... अहो, मग ती मादी! हिच्यासाठी तर आलो आपण! बाई, मला दहा मिनिटं द्या.

बाई : नाही.

नेम्या : ऐकू नाही आलं.

बाई : नाही म्हटलं!

नेम्या : आलं, आलं. पहिल्यांदाच आलं होतं. मग बाई, हे एक्केचाळीस दिवस कशाला? त्या दोघांना कशाला पाडलं मी?

बाई : मला माहीत नाही. खरंच नाही. तुम्हाला राग आला असेल तर बरोबर आहे.

नेम्या : राग नाही. तुम्ही सांगितलं की मी नेम धरतो, तुम्ही सांगितलं की खाली करतो. खाली करायचंही कोणीतरी वेळेवर सांगावं लागतं, एवढंच. जातो. पेटीला कुलूप लावून किल्ली तुमच्याकडं देतो.

मास्तर : थांब, दुर्बीण बांधलीस का?

नेम्या : वरच आहे. घ्या. आता ती कशाला?

बाई : वहीत एक नोंद राहिलीय. चला, मास्तर. धरा माझा हात, उतार आहे.

(ओढ्याच्या काठी. ऊन कड्याच्या वरच्या मातीवर चढलेलं.)

मास्तर : हा माझा दगड. इथं बसून कुंचले धुतो. बोलू नको आता.

बाई : कुठंय?

मास्तर : गेलीय, येईल. तिचा शब्द पक्का असतो. आली बघ. वरून तिसरी मुळी.

बाई : दुर्बीण तुम्ही घ्या. लांबचं चांगलं दिसतं तुम्हाला. तुम्ही बघा, मी लिहिते.

मास्तर : भरवसा आहे?

बाई : बोला, मास्तर.

मास्तर : मादी.

बाई : कशावरून?

मास्तर : छातीची पिसं बिळाच्या मातीनं घासलीत, पोटाशी उबवल्याची उघडी जागा दिसते. चोचीत हिरवी अळी. आत गेली. आतून कलकलाट, दोघांचा तरी. बाहेर आली. ऐक.

बाई : ऐकलं. "मीच" म्हणाली.

मास्तर : लिही.

बाई : तारीख लिहिली. ओढ्याची घळ. मादी. ऐकली, पाहिली. बघणारे मास्तर, लिहिणारी मी. उजेड जातोय, अक्षर दिसेना.

मास्तर : शेवटचा रकाना राहिला असेल. पेटी नंबर.

बाई : तो भरला.

मास्तर : काय लिहिलंस?

बाई : जागेवरच.